एच. जी. वेल्स : फरशीवरच्या लढाईचे नियम लिहिणारा लेखक



दिवाळी आली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी किल्ला होतो. इथे त्या दिवसांत अंगणातली माती ओलीगार असते, त्यामुळे कुणी गॅरेजमध्ये खोकी रचून त्यावर जुनी चादर टाकतात, कुणी बागेच्या कोपऱ्यात दगडविटा मांडतात. मावळे भारतातून येताना कपड्यांत गुंडाळून आणलेले असतात. किल्ला पुरा होतो, फोटो काढून होतात, आणि मग मुले खेळायला बसली की ठरलेला वाद सुरू होतो. एकजण बुरुजावरची तोफ उडवतो आणि समोरची दहा माणसे मेली असे जाहीर करतो. दुसऱ्याचे म्हणणे असते की गोळा लागलाच नाही, माणसे दगडाआड होती. शेवटी दोघेही स्वयंपाकघरात आईकडे न्याय मागायला जातात.

मोठ्या मुलांचेही वेगळे नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे खेळ आता आपल्या घरांना अनोळखी राहिलेले नाहीत. टेबलाभोवती चारपाचजण बसतात, एकजण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि फासे टाकून काय घडले ते ठरवतात. तलवारीची लढाई सुरळीत चालते. पण एखाद्या पात्राच्या हाती पिस्तूल आले की पंचाईत होते. गोळीने माणूस लगेच मेला, तर सहा महिने जपलेले पात्र एका फाशात संपते. चारपाच गोळ्या खाऊनही तो धावत राहिला, तर पिस्तुलाला कुणी भीत नाही. मग छापील पुस्तक बाजूला ठेवून घरचे नियम करावे लागतात. आपण गल्लीत क्रिकेट खेळताना एक टप्पा आउट आणि शेजारच्या गच्चीत गेला तर आउट असे नियम करत होतो, तसेच हे.

या प्रश्नावर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका जगप्रसिद्ध लेखकाने अक्षरशः जमिनीवर ओणवे होऊन डोके चालवले होते. ‘द टाइम मशीन’, ‘द इनव्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणारे एच. जी. वेल्स ते हेच. त्यांचे चरित्र अनेकांनी वेगवेगळ्या बाजूंनी सांगितले आहे. आम्ही ते या खेळाच्या बाजूने सांगणार आहोत.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातल्या ब्रॉम्ली गावी झाला. हे गाव पुढे लंडन शहरात सामील झाले. वडील जोसेफ आधी माळीकाम करत. नंतर त्यांनी चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे सामान विकण्याचे छोटे दुकान घेतले, पण ते कधी नीट चालले नाही. घराला आधार होता तो त्यांच्या क्रिकेटचा. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये असे करणारे ते पहिले गोलंदाज.

१८७४ साली छोट्या बर्टीचा पाय मोडला आणि तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. वडील त्याच्यासाठी पुस्तके आणून देत. वाचनाचे वेड त्याला तिथे लागले. जरा मोठा झाल्यावर गावातल्या मार्टिन्स हिलवर एकटाच फिरताना तो मनातल्या मनात प्रचंड सैन्ये हलवायचा आणि लढाया जिंकायचा. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात वेल्सनी या काल्पनिक लढायांची हसत हसत कबुली दिली आहे.

१८७७ साली वडिलांचाही पाय मोडला आणि क्रिकेटचे पैसे थांबले. आई सारा ससेक्समधल्या अपपार्क या मोठ्या हवेलीत घरव्यवस्था पाहायला गेली आणि मुलाला कापडदुकानात उमेदवारीला धाडण्यात आले. साउथसीच्या दुकानात त्याने सुमारे दोन वर्षे काढली. रोज तेरा तास काम आणि रात्री इतर पोरांबरोबर एकाच दालनात झोपणे, असे ते आयुष्य. एका रविवारी तो कुणाला न सांगता निघाला आणि सुमारे १७ मैल चालत आईकडे पोचला, आता परत जाणार नाही हे सांगायला. शेवटी १८८३ साली मिडहर्स्टच्या शाळेत शिकत शिकत शिकवण्याची जागा मिळाली आणि त्याची सुटका झाली.

पुढच्याच वर्षी लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञान शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. आठवड्याला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. तिथे पहिले वर्ष त्याने टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकण्यात घालवले. डार्विनचा सिद्धांत लोकांपुढे हिरिरीने मांडणारे हेच ते हक्स्ली. करून पाहा, निरीक्षण करा, चुकले तर मत बदला, ही विज्ञानाची शिस्त वेल्सना तिथे मिळाली. ती पुढे खेळण्यातल्या सैनिकांच्याही कामी आली, असे आम्हाला वाटते.

१८८७ साली वेल्समधल्या एका शाळेत शिकवताना फुटबॉलच्या सामन्यात त्यांच्या मूत्रपिंडाला जबर मार बसला. त्यानंतर बरीच वर्षे तब्येत तोळामासाच राहिली. १८९० साली त्यांनी लंडन विद्यापीठाची प्राणिशास्त्राची पदवी घेतली. आधी चुलतबहीण इझाबेलशी लग्न झाले, ते टिकले नाही. १८९५ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी एमी कॅथरीन रॉबिन्स हिच्याशी लग्न केले. तिला ते जेन म्हणत. त्याच वर्षी ‘द टाइम मशीन’ आले आणि पुढच्या तीन वर्षांत ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, ‘द इनव्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. कापडदुकानातला पोऱ्या वयाच्या बत्तिशीपर्यंत नामवंत लेखक झाला होता.

हातात पैसा आल्यावर त्यांनी फोकस्टनजवळ सँडगेटला समुद्राकाठी घर बांधले. १९०१ साली मोठा मुलगा जॉर्ज फिलिप, म्हणजे घरातला जिप, जन्मला आणि १९०३ साली धाकटा फ्रँक. वेल्सना बालपणी जे मिळाले नव्हते ते या मुलांना भरपूर मिळाले : जमिनीवर पसारा मांडायला मोकळी खोली, लाकडी विटांचे ढीग, फळ्या, आगगाड्या आणि शिशाचे सैनिक. वडीलही पँटचे गुडघे मळवत त्यांच्यात बसत. या खेळांवर त्यांनी १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. पुढे लंडनच्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी वाळू आणि खेळणी देऊन मुलांच्या मनावर उपचार करण्याची पद्धत बसवली, तिच्यामागे या पुस्तकाची आठवण होती.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. त्या काळी ब्रिटन्स नावाची कंपनी शिशाचे पोकळ सैनिक बनवू लागली होती. १८९३ पासून हे सैनिक स्वस्त आणि हलके झाले. त्याच सुमारास स्प्रिंगची खेळण्यातली तोफ बाजारात आली. तिच्यातून सुमारे इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटे. वेल्सच्या अनुभवाप्रमाणे नऊ यार्डांवरचा सैनिक ती दहातल्या नऊ वेळा पाडू शके. एकदा जेवणानंतर कॉफीची वाट पाहत असताना त्यांच्या एका मित्राने शेजारच्या टेबलावरची अशी तोफ उचलली, नेम धरला, एक सैनिक पाडला आणि वर बढाईही मारली. वेल्सनी पुस्तकात या मित्राची फक्त आद्याक्षरे दिली आहेत. विनोदी लेखक जेरोम के. जेरोम तो हाच, असे मानले जाते. आव्हान दिले गेले, स्वीकारले गेले आणि दोन प्रौढ माणसे मुलांच्या खेळण्यांवर तुटून पडली!

लढाईचे खेळ तेव्हा नवे नव्हते. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीगस्पील’ नावाचा खेळ बसवला होता. नकाशावर ठोकळे हलवायचे आणि गोळीबारात किती माणसे पडली ते फासे आणि तक्ते बघून ठरवायचे. वर पंच असे. पण तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता, आणि किचकट होता. वेल्सनी फासे ठेवलेच नाहीत. लागले की नाही याचा निकाल खरी तोफ आणि खरी नजर देत होती. सैनिक आडवा झाला तर मेला, उभा राहिला तर जिवंत. आमच्या किल्ल्यावरचा वाद तिथेच मिटला असता.

पण नेमका इथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. तोफ इतकी अचूक असेल तर खेळ कसा व्हायचा? ज्याचा नेम चांगला तो मागे बसून शांतपणे एकेक सैनिक टिपत राहील. पुढे जाण्याची छाती कुणाला होईल? टेबलावरच्या पिस्तुलाची अडचण ती हीच. वेल्सनी गोळी कमजोर केली नाही. त्यांनी ती झाडणे महाग केले.

पहिला उपाय घड्याळाचा. नेम धरण्यात कितीही वेळ घालवता येत होता तोवर खेळ रेंगाळत असे. म्हणून प्रत्येक खेळीला आधी दहा मिनिटांची मर्यादा घातली. मग ती इतकी कमी केली की सगळ्या तोफा झाडून सगळी माणसे हलवताना जेमतेम वेळ पुरावा. शेवटी हिशोब बसला तो असा : दर तीस माणसांना एक मिनिट आणि दर तोफेला एक मिनिट. म्हणजे ११० माणसे आणि ३ तोफा असतील तर सात मिनिटे पुरेत. घाई सुरू होताच नेम चुकू लागले, तुकड्या मागे राहू लागल्या, कुणी उघड्यावर सापडू लागले. खऱ्या लढाईतला गोंधळ एकाही फाशाशिवाय खोलीत आला.

दुसरा उपाय माणसांचा. तोफेपासून सहा इंचांच्या आत आपली किमान चार माणसे नसतील तर ती तोफ मुकी. ती एका खेळीत एकतर हलेल किंवा झाडली जाईल, दोन्ही नाही. झाडली तर जास्तीत जास्त चार गोळ्या. त्यामुळे तोफेच्या माणसांना टिपणे किंवा घोडदळाने तिच्यावर चालून जाणे यालाही अर्थ आला. पायदळ एका खेळीत एक फूट चालणार आणि घोडदळ दोन फूट. गोळीची भीती कायम होती, पण तिच्यावर मात करण्याची वाटही होती.

तिसरा उपाय आडोशाचा. पुठ्ठ्याची घरे, विटांच्या भिंती, झाडांच्या डहाळ्या खोचून केलेले जंगल. हा मुलूख एकाने मांडायचा आणि आपली बाजू दुसऱ्याने निवडायची. भावंडांत आंबा वाटताना एकाने कापायचा आणि दुसऱ्याने फोड उचलायची, तोच न्याय. सैन्य मांडताना मध्ये पडदा ओढायचा, म्हणजे कुणाची चाल कुणाला दिसणार नाही.

चौथा प्रश्न हातघाईचा. आधी ते नाणे उडवून निकाल लावत, पण त्यात नशिबाचा वाटा फार झाला. मग ठरले की बरोबरीचे सैनिक एकमेकांना संपवतील आणि एकट्या पडलेल्या, संख्येने कमी असलेल्या तुकडीतले काहीजण कैद होतील. कैद्याचेही गुण मिळू लागले आणि शेवटच्या माणसापर्यंत कत्तल करण्याची गरज उरली नाही.

हे सगळे एका बैठकीत सुचलेले नव्हते. खेळायचे, काय बिघडले ते पाहायचे, नियम बदलायचा आणि पुन्हा खेळायचे. हक्स्लींच्या विद्यार्थ्याची ही प्रयोगशाळा होती. १९१३ साली हे नियम ‘लिटल वॉर्स’ या नावाने पुस्तकरूपात आले. खेळाडूंचे वय बारा ते दीडशे असे मुखपृष्ठावरच गमतीने छापले होते.

या पुस्तकाचा शेवट मात्र गमतीचा नाही. वेल्स तिथे मांडतात की असा खेळ तीनचार वेळा खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती ढिसाळ आणि मूर्खपणाचे असते ते कळून चुकते. खेळात कुणाचा जीव जात नाही आणि कुणाचे घर जळत नाही. युद्धाची खुमखुमी असलेल्या राजांना आणि सेनापतींना एका खोलीत सैनिकांची खेळणी देऊन बसवावे आणि बाकीच्या जगाला सुखाने जगू द्यावे, अशी त्यांची सूचना होती.

पुस्तक आले आणि वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले.

इथे वेल्स यांचे चरित्र सरळ राहत नाही, आणि ते सरळ करून सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये याच माणसाने जर्मन लष्करशाहीविरुद्ध त्वेषाने लेख लिहिले. सगळी युद्धे संपवणारे युद्ध ही कल्पना त्यांच्या लेखणीतूनच लोकांच्या तोंडी बसली. शांततावादी मित्र दुखावले. वेल्स यांचे मुलगे तेव्हा तेरा आणि दहा वर्षांचे होते, म्हणून ते खंदकांत गेले नाहीत. इतरांचे गेले. १९१६ साली त्यांनी ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात एका इंग्रज लेखकाचा मुलगा युद्धात मारला जातो. घरी शिकवायला असलेला जर्मन तरुणही दुसऱ्या बाजूचा सैनिक म्हणून मरतो. कादंबरीच्या शेवटी हा बाप त्या जर्मन मुलाच्या आईवडिलांना पत्र लिहायला बसतो. ‘लिटल वॉर्स’मध्ये जी गोष्ट हसत सांगितली होती, ती इथे एका बापाच्या दुःखातून आली आहे.

युद्धानंतरचे आयुष्य त्यांनी जगाला एकत्र आणण्याच्या विचारात घालवले. १९१९–२० मध्ये आलेला त्यांचा जगाचा इतिहास लाखांनी खपला. १९२० साली ते लेनिनना भेटले, १९३४ साली स्टालिनना. १९३३ साली नाझींनी त्यांची पुस्तके जाळली. स्वतःला मधुमेह असल्याने १९३४ साली त्यांनी डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांच्याबरोबर ब्रिटनमधल्या मधुमेहींची संघटना उभी केली. संसाराच्या बाबतीत ते आदर्श नव्हते. जेनशी लग्न झालेले असताना त्यांचे इतर स्त्रियांशी संबंध होते आणि त्यांतून मुलेही झाली. जेन १९२७ साली गेली.

१९१४ सालच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी अणुबाँबची कल्पना केली होती. ती १९३२ साली वाचणारे शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना पुढच्याच वर्षी अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमाची बातमी वेल्सनी जिवंतपणी ऐकली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कजवळच्या घरी त्यांचे निधन झाले. फरशीवर खेळणारा जिप मोठा होऊन प्राणिशास्त्रज्ञ झाला होता.

फरशीवरचा खेळही संपला नाही. अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले. त्यातून १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ उभे राहिले. पुढच्याच वर्षी पिस्तुलांच्या द्वंद्वांचा ‘बूट हिल’ हा काउबॉयांचा खेळ आला. त्यात पात्रे पटापट मरत, त्यामुळे पिस्तूल काढण्याआधी खेळाडू दोनदा विचार करत. २००४ साली ‘लिटल वॉर्स’ पुन्हा छापले गेले तेव्हा प्रस्तावना गायगॅक्स यांनीच लिहिली आणि वेल्स यांचे ऋण मान्य केले.

मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल द्यावे की नाही, यावर आपल्या घरांत मतभेद असतात. आमच्यातही आहेत. खेळात युद्धाचे वेडेपण समजलेला माणूससुद्धा खऱ्या युद्धाच्या वेळी वाहवत गेला, हे वेल्स यांच्या आयुष्यात दिसते. तेव्हा नुसत्या खेळाने शहाणपण येते असे आम्ही म्हणणार नाही. पण पाडलेला सैनिक पुन्हा उभा करता येतो तो फक्त इथेच, हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

म्हणून या दिवाळीत किल्ल्यावर भांडण झाले, तर लगेच निकाल देऊ नका. मुलांना आपले नियम आपणच लिहू द्या. एकाने मुलूख मांडावा, दुसऱ्याने बाजू निवडावी. तोफेजवळ चार मावळे नसतील तर तोफ गप्प. झाडायचे किंवा हलायचे, दोन्ही नाही. आणि स्वयंपाकघरातले घड्याळ मध्यस्थ. तुमच्या घरी कोणते नियम ठरले ते आम्हाला जरूर कळवा.